पेर्सिदा मावशी मीच होतो

मी, वितोमिर तेर्झिन, वय वर्षे पंचाहत्तर, राहणार किकिंदा, प्रांत बनात, व्यवसाय लेखन (निवृत्त), आज रोजी पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या धाकाने, आग्रहाने किंवा रकियाच्या अमलाखाली नसून, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी स्मिल्का हिला तशीच साक्ष द्याल का, असे वकीलबाईंनी विचारले असता ती म्हणाली, "बावन्न वर्षं बघतेय, अजून खात्री नाही." म्हणून दाखल्यावरच भागवले आहे.

यापूर्वी मी लिहिलेले मृत्युपत्र या मृत्युपत्राने रद्द समजावे. ते वकीलबाई आंकित्सा यांनी परत केले होते. त्या आमच्या नेवेनाच्या वयाच्या आहेत, पण चष्म्यावरून बघू लागल्या की माणूस उगाच उभा राहतो.

"तेर्झिनकाका," त्या म्हणाल्या, "घराच्या कलमात ‘झाकण उघडण्यापूर्वी वीज बंद करावी’ असं का लिहिलंय?"

"सवय."

"पुढच्या पानावर वारसांना ‘पोरींनो’ म्हटलंय. वारस दोनच, त्यातली एक तुमची बायको. आणि शेवटच्या पानावर कोणीतरी बंदूक काढतंय. हे मृत्युपत्र नेमकं कोणाचं?"

"माझंच."

"मग ‘मी’ एकच ठेवा. कायद्याला गर्दी चालत नाही."

त्यांना बोलायला सोपे आहे. मी आयुष्यभर जे जे लिहिले, ते ते लिहिताना मी तो तो माणूस झालो, आणि लिहून संपल्यावर त्यातले सगळेच परत गेले असे नाही. तरी प्रयत्न करतो. जिथे दुसरे कोणी डोके वर काढेल तिथे वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

कलम १. घर. किकिंदा येथील माझे राहते घर, अंगण, विहीर, तळघर व पोटमाळ्यासह. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस रस्ता, दक्षिणेस शाळेची भिंत, उत्तरेस नेवेनाच्या जन्माच्या वर्षी लावलेला द्राक्षवेल, पश्चिमेस तिवादार बाता यांचे घर व त्यांचा स्वभाव. ही मिळकत माझ्या पश्चात स्मिल्काची, आणि तिच्या पश्चात आमची मुलगी नेवेना हिची. नेवेना सुबोतित्सा येथे दातांची डॉक्टर आहे. ती बोलते तशीच लिहिते आणि लिहिते तशीच वागते. कोणावर गेली, देव जाणे.

कलम २. तुतीचे झाड. पश्चिमेच्या सीमेवर पूर्वी तुतीचे झाड होते. ते आता नाही, त्यामुळे कोणाला देता येत नाही. पण ते का नाही, हे लिहून ठेवणे भाग आहे.

त्या काळी मी गल्लीतल्या लोकांना नगरपालिकेचे अर्ज लिहून देत असे. १९७६ च्या उन्हाळ्यात तिवादार कुंपणावरून वाकला.

"शेजारी, एक तक्रारअर्ज हवाय."

"कोणाविरुद्ध?"

"तुझ्याविरुद्ध. तुझ्या तुतीची फळं माझ्या अंगणात पडतात. बायकोच्या सगळ्या चादरी जांभळ्या झाल्या."

"मग मलाच कसा सांगतोस लिहायला?"

"दुसऱ्याकडे गेलो असतो रे. पण तुझ्याइतकं झणझणीत कोण लिहितं?"

स्तुतीपुढे माझे काही चालत नाही. मुद्दाम ढिसाळ लिहायचे असे ठरवून मी बसलो. पहिला परिच्छेद ठरल्याप्रमाणे ढिसाळ झाला. दुसऱ्यात चादरी आल्या, चादरींमागून त्या धुणारी बाई आली, तिचे सुजलेले हात आले, आणि माझे रक्त तापले. हा कोण टिकोजीराव तेर्झिन? समजतो कोण स्वतःला? ‘सदर इसमाची बेपर्वाई ही सार्वजनिक स्वच्छतेला लागलेली कीड आहे’ हे शेवटचे वाक्य लिहून झाल्यावर मला आठवले, की सदर इसम मी आहे. पण अर्ज इतका उत्तम उतरला होता, की तो फाडणे माझ्याने झाले नाही. पंधरा दिवसांत पालिकेची माणसे करवत घेऊन आली. त्यांच्यातल्या एकाने मला नीट न्याहाळून विचारले, "तुम्हीच का ती कीड?"

त्या झाडाच्या तुतींपासून काढलेल्या रकियाची शेवटची बाटली तळघरात आहे. ती नेवेनाच्या नवऱ्याला द्यावी. तिवादारला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही, कारण तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला कायद्याने काही देता येत नाही. त्याला साक्षीदार करण्यामागे हाच हेतू आहे.

कलम ३. मका सोलण्याचे यंत्र, चालू स्थितीतले, आणि त्याची माहितीपुस्तिका. दोन्ही गल्लीत ज्याला लागेल त्याने न्यावे. पुस्तिका मीच लिहिली आहे. पोटापाण्यासाठी मी कारखान्यात सव्वीस वर्षे शेतीयंत्रांच्या पुस्तिका लिहिल्या, आणि या सव्वीस वर्षांत ‘मी’ हा शब्द एकदाही लिहिला नाही. पुस्तिकेत मी नसतोच. हात असतात, डावा आणि उजवा, आणि ते पट्ट्यापासून सुरक्षित अंतरावर ठेवायचे असतात. पुस्तिका लिहिणारा हा माणूस मला मनापासून आवडायचा. त्याला राग नव्हता, हेवा नव्हता, घाई नव्हती. फक्त तो कारखान्यातून घरी जेवायला यायचा तेव्हा पंचाईत व्हायची. "प्रथम सूप," तो सांगायचा. "सूप पूर्णपणे संपल्याची खात्री करून मगच मांसाकडे वळावे." नेवेना लहानपणी यावर खो खो हसायची. स्मिल्का हसायची नाही.

कलम ४. काउबॉयची टोपी, एक, आणि कादंबऱ्या, एकशे चार. नोवी सादच्या एका प्रकाशकासाठी मी ‘बर्ट हॉलिस्टर’ या नावाने काउबॉयच्या चौसष्ट पानी कादंबऱ्या लिहिल्या. त्या सिगारेटच्या टपऱ्यांवर विकल्या जायच्या. "तेर्झिन नावाचा माणूस गोळ्या झाडतोय, कोण विश्वास ठेवेल?" असे म्हणून संपादक मिलुतिनने नाव बदलले. पश्चिमेला मी तिसा नदीच्या फारसा पलीकडे गेलेलो नाही. घोड्यावर एकदा बसलो होतो. घोडा उभा होता. तो निघाल्यावर मी उतरलो.

पण लिहायला बसले की हॉलिस्टर यायचा. हस्तलिखित शुक्रवारी द्यायचे असे, आणि गुरुवारपासून मी डोळे बारीक करून बघू लागायचो. एकदा न्हाव्याकडे मी खुर्ची फिरवून बसलो.

"तेर्झिन," न्हावी म्हणाला, "आरसा तिकडे आहे."

"दार इकडे आहे," मी म्हणालो.

त्याने माझी दाढी तशीच, माझ्यासमोर ओणवे होऊन केली. त्या माणसाच्या कमरेला तेव्हापासून त्रास आहे. सबब टोपी आणि सर्व कादंबऱ्या त्याच्या दुकानाला द्याव्यात, नंबर लावून बसलेल्या गिऱ्हाइकांसाठी.

कलम ५. काव्यसंग्रह. माझ्या स्वतःच्या नावाने छापलेले हे एकच पुस्तक, स्वखर्चाने, प्रती दोनशे. या कवितांमध्ये मी उंच आहे. समुद्राकाठी उभा आहे आणि वाऱ्याने माझे केस उडत आहेत. बनातमध्ये समुद्र नाही, आणि माझे केस १९६९ साली गेले. तरीही कित्येक वर्षे मला प्रामाणिकपणे वाटत होते की खरा मी तो, बाकीचे सगळे पोटार्थी. मिलुतिनला पुस्तक दिले तेव्हा त्याने दोन पाने वाचून विचारले, "हा कोण? याला आपण ओळखतो का?" त्याबद्दल मी त्याला माफ केलेले नाही. तो वारला तेव्हाही केले नाही, आणि माझ्या पश्चात कोणी माझ्या वतीने परस्पर करू नये.

पोटमाळ्यावर एकशे शहाण्णव प्रती शिल्लक आहेत. त्या नेवेनाने आपल्या दवाखान्यात वाटाव्यात. दात काढण्याआधी नव्हे, काढल्यानंतर. तोंडात कापूस असताना कोणाला नको म्हणता येत नाही.

कलम ६. हे कलम स्मिल्काने मी गेल्यानंतरच वाचावे, अशी माझी इच्छा आहे. मेलेल्या माणसाला लाटणे लागत नाही.

१९७८ ते १९९१ या काळात नोवी सादच्या त्याच प्रकाशकाच्या महिला साप्ताहिकात ‘पेर्सिदा मावशीला सांगा’ हे सदर येत असे. सदरावर एका प्रेमळ म्हातारीचा फोटो असायचा. फोटो मिलुतिनच्या आत्याचा होता. लेखन माझे होते. पेर्सिदा मावशी मीच होतो. ही गोष्ट कोणाला, अगदी बायकोलाही सांगायची नाही, असे मिलुतिनने माझ्याकडून लिहून घेतले होते. "मावशीला मिशा आहेत हे कळलं तर बायका आपल्याला तिसेत बुडवतील," तो म्हणाला.

पत्रांचा गठ्ठा दर मंगळवारी कारखान्याच्या पत्त्यावर यायचा. काम संपल्यावर मी यंत्रांचे नकाशे ठेवायच्या खोलीत बसायचो, गुडघ्यांवर शाल घ्यायचो, कॅमोमाइलच्या फुलांचा काढा करून घ्यायचो, आणि पहिल्याच पत्राच्या दुसऱ्या ओळीला माझे डोळे भरून यायचे. पेर्सिदा मावशीला सगळे कळायचे. सासूचे टोमणे, नवऱ्याचे घुमेपण, न बोलता भांडी आपटण्याचा अर्थ. तेच सगळे मला माझ्या घरी का कळत नाही, हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही. मावशीला घरच नव्हते.

१९८३ च्या सप्टेंबरात नेवेना शिकायला नोवी सादला गेली. ऑक्टोबरात एक टाइप केलेले पत्र आले. खाली सही, ‘बनातची एक’. स्मिल्का तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात कारकून होती आणि तिच्या टेबलावर टाइपरायटर होता. हे वितोमिर तेर्झिनला ठाऊक होते. पेर्सिदा मावशीला ठाऊक नव्हते.

पत्रात लिहिले होते: ‘मावशी, मुलगी शिकायला गेली. घरात आता मी आणि माझा नवरा. तो चार प्रकारचा आहे. एक जेवताना सूचना देतो. एक डोळे बारीक करून दाराकडे बघतो. एक खिडकीशी उभा राहून उसासे टाकतो, आणि काय झालं विचारलं तर "समुद्र" म्हणतो. चौथा मंगळवारी उशिरा घरी येतो, रडून डोळे लाल झालेले असतात, आणि विचारलं तर सर्दी म्हणतो. यांच्यातल्या एकाशी माझं लग्न झालं होतं. बाकीच्यांचं धुणं मी का धुवायचं?’

मी टेबलावर मूठ आपटली. काढा सांडला. असली माणसे जन्माला तरी कशी येतात! ती बिचारी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली, आणि तिच्यामागे तो नवरा उभा राहिला, बटाट्यासारख्या तोंडाचा, मख्ख. एका दमात मी उत्तर लिहिले:

‘पोरी, बॅग भर. जो माणूस घरात चौघांना आणून ठेवतो आणि एकाचीही ओळख करून देत नाही, त्याला रिकाम्या घरात त्या चौघांशीच बोलत बसू दे. तुझी, पेर्सिदा मावशी.’

मी आयुष्यात लिहिलेले हे सर्वांत चांगले उत्तर आहे, असे माझे आजही मत आहे.

अंक शुक्रवारी निघाला. शनिवारी सकाळी मी पाव घेऊन घरी आलो तर दारात तपकिरी बॅग, आणि बॅगेवर कोट घालून स्मिल्का बसलेली.

"कुठे निघालीस?"

"सेंताला. क्रुनाकडे." क्रुना ही तिची थोरली बहीण, शाळेत व्याकरण शिकवायची.

"परत कधी येणार?"

"येणार असं कोण म्हणालं?"

"अगं, पण झालं काय?"

तिने पिशवीतून साप्ताहिक काढले आणि माझ्या हातातल्या पावावर ठेवले. "वाच. जगात निदान एक बाई आहे, जिला माझं म्हणणं कळलं."

मी वाचले. मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणतात, म्हणून लिहितो: पहिले दोन सेकंद मला अभिमान वाटला. पाच वर्षे सल्ले देत होतो, पण कोणी ऐकून उठून गेल्याचा पुरावा तोवर हाती आलेला नव्हता. तिसऱ्या सेकंदाला फाटक वाजले.

त्यानंतर मी स्मिल्काला पत्रे लिहिली. लिहिण्याशिवाय दुसरे काही मला येत नव्हते. पहिले पत्र असे झाले: ‘घरी परतण्याची पद्धत. एक, बॅग दोन्ही हातांनी उचलावी. दोन, बस पूर्णपणे थांबल्याची खात्री करावी.’ अशा नऊ पायऱ्या. दुसरे हॉलिस्टरने लिहिले: ‘बाई, या गावात आपल्या दोघांना पुरेल एवढी जागा आहे.’ तिसरी कविता होती, आणि तीत मी पुन्हा समुद्राकाठी. क्रुनाने तिन्ही लाल पेन्सिलीने तपासून परत पाठवली. कवितेला दहापैकी सहा गुण होते. खाली लिहिले होते, ‘मेहुणे, स्मिल्का विचारते, घरी कोणी आहे का?’

मी घरभर हिंडून पाहिले. कोणी सापडले नाही.

मग मी जे केले ते शहाण्या माणसाने केले नसते. मी पेर्सिदा मावशीला पत्र लिहिले. रीतसर तिकीट लावून, नोवी सादच्या पत्त्यावर. बायकांच्या मनातले कळणारे दुसरे कोणी माझ्या ओळखीत नव्हते. दोन मंगळवारांनी ते गठ्ठ्यातून माझ्याकडे आले. मी शाल घेतली, काढा केला आणि वाचले. पत्र चांगले होते. पाच उपमा होत्या, त्यांतली एक पाणचक्कीची. मावशीला त्या माणसाची तिळमात्र दया आली नाही. तिने लिहिले:

‘बाबा रे, किती सुरेख लिहितोस. बायको गेली तरी तुला उपमा सुचतात. ते पेन घरी ठेव आणि जा तिच्याकडे. काय बोलायचं ते ठरवून जाऊ नकोस.’

मावशीचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही. उत्तर छापून यायचीही वाट न बघता दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघालो. पेन विहिरीच्या कठड्यावर काढून ठेवले.

नोव्हेंबर संपत आला होता. सेंताला क्रुनाकडे डुक्कर कापण्याचा दिवस होता. अंगणभर माणसे, वाफ आणि लसणाचा वास. मी फाटकात उभा, आणि माझ्याकडे एकही वाक्य नाही. क्रुना मोठ्या कढईशी होती. तिने मला टोपीपासून बुटांपर्यंत तपासले.

"आज कोण आलंय?"

मी टोपी काढून हातात घेतली.

"बरं, कोणी का असेना, हात आहेत ना? हा घे झारा. चरबी ढवळ. खाली लागली तर बघ."

दिवसभर मी चरबी ढवळली. स्मिल्का पलीकडच्या टेबलाशी सॉसेज भरत होती. दुपारी एकदा ती म्हणाली, "आच कमी करा," पण ते आचेकडे बघून. उन्हे उतरल्यावर हात पुसत ती कढईपाशी आली.

"काही बोलायचंय?"

"हो."

"मग बोल."

"तू घरी ये."

"आणि?"

"आणि काही नाही. पुढचं मला येत नाही."

"हे कोण बोललं?"

"मी."

"आवाज बारीक आहे."

"एवढाच आहे," मी म्हणालो.

त्या दिवशी ती आली नाही. तिने मला सॉसेज आणि पाव खायला दिला आणि शेवटच्या बसला बसवून दिले. अकरा दिवसांनी, रविवारी, तळलेल्या चरबीच्या कुरकुरीत तुकड्यांची बरणी घेऊन ती घरी आली. अट एकच: रोज सकाळी कॉफीबरोबर तिला एक तरी गोष्ट सांगायची, कागद न बघता. तेहेतीस वर्षे मी ही अट पाळली आहे. पहिल्या वर्षी बहुतेक हवामानच सांगितले. पुढे पुढे जमू लागले.

पण मावशीची गोष्ट त्या सकाळच्या गोष्टींत कधी आली नाही. आधी करार आड येत होता. करार संपला, तोवर भीती आड येऊ लागली. शिवाय स्मिल्का जिला तिला सांगायची, "त्या पेर्सिदा मावशीनं मला घराबाहेर काढलं म्हणून हा माणसात आला." दर नाताळात ती चर्चमध्ये मावशीच्या नावाने मेणबत्ती लावते. मेलेल्यांच्या रांगेत नाही, जिवंतांच्या. "एकशे दहा वर्षांची झाली असेल," असे म्हणते आणि डोळे मिटते. आणि मी बाजूला टोपी हातात घेऊन उभा असतो. हे आता सोसवत नाही.

सबब शाल, काढ्याचा कप आणि पत्रांच्या सर्व फाइली स्मिल्काला देतो. माफीही मागतो. ती मी स्वतः मागत आहे. तिच्यात एकही उपमा नाही.

कलम ७. किरकोळ. बँकेतली शिल्लक स्मिल्का आणि नेवेना यांनी निम्मी निम्मी घ्यावी. माझ्या दफनाला भाषण नको. दफनानंतर वाटायचा शिजवलेला गहू गोड करावा, अक्रोड सढळ हाताने घालावेत. दारांवर आणि खांबांवर लावायचे शोकपत्रक नेवेनाने लिहावे, शुद्धलेखन चुकले तरी हरकत नाही. मी स्वतः ते तीनदा लिहून पाहिले. तिन्ही वेळा वेगवेगळी माणसे वारली.

कलम ८. (हे कलम सह्यांच्या दिवशी वाढवले आहे. कारण खाली दिले आहे.)

आज सकाळी दोन्ही साक्षीदार आमच्या स्वयंपाकघरात जमले. दुसरे साक्षीदार नेदेल्को, निवृत्त पोस्टमन, यांना ऐकू कमी येते, म्हणून वकीलबाईंनी मृत्युपत्र खणखणीत आवाजात वाचले. स्मिल्का बाजारात गेली होती. तिला तासभर लागेल असा माझा हिशेब होता. सहावे कलम संपले आणि मी मान वर केली, तर ती दारात उभी, कडेवर भोपळा. कधीपासून उभी होती कोण जाणे.

"पेर्सिदा मावशी," ती म्हणाली, "तू?"

"होय."

"मला वाटायचं, ती जाड असेल."

तिवादार खुर्चीवरून अर्धा उठला. "थांब थांब. म्हणजे शहाऐंशी साली माझ्या बायकोला ‘दोन महिने त्याच्याशी बोलू नकोस’ सांगणारी पण हीच? म्हणजे हाच?"

"मी तीन आठवडे लिहिलं होतं," मी म्हणालो. "पुढचे तिचे स्वतःचे."

नेदेल्को सोडून कोणी हसले नाही, आणि तेही दुसऱ्याच कशाला तरी हसत होते. स्मिल्काने भोपळा टेबलावर, मृत्युपत्राच्या बरोबर मधोमध ठेवला.

"माझं पत्र चार पानांचं होतं. छापलंस किती?"

"अकरा ओळी. सदराला जागाच तेवढी..."

"तिसरं पान कुठे गेलं?"

मी भोपळ्याचा देठ चाचपू लागलो.

"वाचलं होतंस?"

"मावशीनं चाळलं होतं. ते जरा... लिखाण म्हणून सैल होतं."

"सैल." ती सावकाश खुर्चीवर बसली. "तेहेतीस वर्षं मी त्या बाईच्या नावानं मेणबत्त्या जाळते. तिनं अर्धं पत्र वाचून मला घराबाहेर काढलं. आणि हा म्हणतो, सैल. फाइल आण."

मी फाइल आणली. पाने पिवळी पडली होती, पण चारही होती. तिने तिसरे काढून माझ्यापुढे ठेवले.

"उतरव इथे. जसंच्या तसं. एक शब्द जरी कापलास तर हा भोपळा तुझ्या डोक्यात."

"बाई," वकीलबाई म्हणाल्या, "मृत्युपत्रात सहसा असलं..."

"तू थांब गं, पोरी."

वकीलबाई थांबल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "तेर्झिनकाकांची इच्छा असेल तर काहीही लिहिता येतं."

माझी इच्छा आहे. मी ते पान आज पहिल्यांदा नीट वाचले. खाली उतरवून देत आहे.

‘मावशी, एवढं सगळं लिहिलं, पण मला त्याला सोडायचं नाहीये. मला विचारायचंय ते वेगळंच. या चौघांशिवाय आमच्या घरात एक पाचवा आहे. तो कमी दिसतो. त्याला जास्त वेळ कसं थांबवून घ्यायचं, ते सांगा. चर्चमागच्या पाळीव हंसांना तो घाबरतो, म्हणून बेकरीत जायला लांबचा रस्ता धरतो आणि मला सांगतो, पाय मोकळे करून आलो. मी हो म्हणते. माझी आई गेली तेव्हा तो काही बोलला नाही, त्यानं काही लिहिलंही नाही. जमिनीवर बसला आणि घरातले सगळे बूट पॉलिश केले, आईचेसुद्धा. थंडीत मी माझे गार पाय त्याच्या पोटऱ्यांना लावते तेव्हा तो दात आवळतो, पण पाय काढून घेत नाही. तो खूप चांगला आहे, मावशी. फक्त तो आहे, हेच त्याला माहीत नसावं असं मला वाटतं. मी सांगून तो ऐकणार नाही. तुमचं लिहिलेलं सगळे ऐकतात. तुम्ही सांगाल का त्याला?’

वरील मजकुरात खाडाखोड किंवा काटछाट केलेली नाही. येणेप्रमाणे हे मृत्युपत्र लिहून, वाचून, ऐकून पुरे केले.

सही: वितोमिर तेर्झिन

साक्षीदार:
१. तिवादार बाता, शेजारी (‘शहाऐंशी सालची तक्रार राखून ठेवून’)
२. नेदेल्को ग्रुबाच, पोस्टमन, निवृत्त

समक्ष: अ‍ॅड. आंकित्सा व्लाश्कालिन

स्थळ: स्वयंपाकघर, किकिंदा
दिनांक: २२ ऑक्टोबर २०१६